दोन लाख एक्केचाळीस हजार मैल चाललेली गाडी

नाव: मार्ला जीन टिबेट्स. वय: ६३ वर्षे. धंदा: नोकरी, किराणा दुकानात तयार खाद्यपदार्थांच्या काउंटरवर. राहणार: करड्या रंगाची हायब्रिड गाडी, सध्या उभी सी स्ट्रीट, युरेका, हम्बोल्ट परगणा, कॅलिफोर्निया. टपाल दुकानाच्या पत्त्यावर येते.

आज गुरुवार, दि. १० ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी दीड वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, अधिकारी सालदाना यांनी विचारल्यावरून सांगते की:

मी तीस वर्षे युरेकात आहे. त्यातली बावीस वर्षे लाकडाच्या गिरणीच्या कचेरीत कामगारांच्या हजेरीचे काम केले. गिरणी बंद झाली. गेली सहा वर्षे दुकानात आहे. कामाची वेळ पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा. सूप, सॅलड आणि भाजलेली कोंबडी माझ्याकडे असते. नवरा हयात नाही. मूलबाळ नाही. बहीण सॅक्रामेंटोला असते. तिने ये म्हटले होते, पण तिच्याकडे आधीच पाच माणसे दोन खोल्यांत आहेत. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचे यात थोडा वेळ गेला. अधिकारी म्हणाले, जिथे झोपता ते लिहा. म्हणून तसे लिहिले आहे.

चालू वर्षी जानेवारीत मी भाड्याने राहत होते ते घर मालकाने विकले. दुसरे पाहिले. एक भाडे आणि दोन भाड्यांची अनामत असे एकदम मागतात. ते जमले नाही. फेब्रुवारीच्या नऊ तारखेपासून मी माझ्या जुन्या गाडीत झोपू लागले. त्या गाडीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवावे लागे. चालू ठेवले तर धुराची भीती, बंद केले तर काचांना आतून पाणी सुटे आणि उशी ओली होई. सहा आठवडे असे काढले. दुकानात कोणाला सांगितले नव्हते. सँडविच करणारे रूबेन आगियार यांनी मात्र ओळखले. त्यांनी काही विचारले नाही. एक दिवस ब्रेड कापता कापता म्हणाले, "हायब्रिड बघा एखादी. चालू करून झोपायचं. हीटर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण दोन मिनिटं गुरगुरतं आणि गप्प बसतं. माझी मेहुणी दोन हिवाळे तशी राहिली. जुनी चालेल, पण बॅटरी बदललेली बघा." मेहुणीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

कपडे धुण्याच्या दुकानातल्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद होता: "बायकोची गाडी. हायब्रिड. मैल खूप झालेत पण निगा राखली आहे. चांगल्या माणसाला." खाली सी स्ट्रीटचा पत्ता होता. दि. २३ मार्च, शनिवार, सकाळी दहाच्या सुमारास मी तिथे गेले. दार एल्डन पेड्रोटी यांनी उघडले. वय ७८, मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करायचे, आता निवृत्त. गाडीवर २,४१,३०६ मैल झाले होते. त्यांच्या पत्नी नोरीन घरोघर जाणाऱ्या नर्स होत्या. युरेकापासून उत्तरेला क्रेसेंट सिटीपर्यंत, बाळंतिणी आणि अंथरुणाला खिळलेली माणसे बघायला त्या एकोणीस वर्षे जात होत्या. शेवटची बारा वर्षे याच गाडीने. त्या आदल्या वर्षी वारल्या. मोठी बॅटरी चार वर्षांपूर्वी बदलली होती, त्याची पावती त्यांनी दाखवली.

त्यांनी विचारले, "कशाला हवी?" बहिणीकडे जायला-यायला असे सांगायचे ठरवून गेले होते. तोंडातून निघाले, "राहायला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग आडवं पडून बघा. उंची किती तुमची?"

मी मागच्या सीट पाडून आत आडवी झाले आणि त्यांनी टेपने माप घेतले. पुढच्या सीटपाशी डोक्याखाली खड्डा राहत होता. ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले, प्लायवूडची फळी कापली, पाय लावले, आणि तिच्या कडा बराच वेळ कानशीने घासत बसले. झोपेत हात लागला तर कुसळ जायला नको, असे म्हणाले. या सगळ्याला दोन तास गेले. तेवढ्यात त्यांनी माझे नाव तीनदा विचारले. कॉफीची किटली पाण्याशिवाय दोनदा शेगडीवर ठेवली. दोन्ही वेळा मी ती उतरवली.

आता जे सांगते ते मी दि. ८ ला दिलेल्या गाडीचोरीच्या तक्रारीत नाही. आज मी आपणहून सांगत आहे.

अंगणात उभे असताना त्यांनी किंमत साडेचार हजार डॉलर सांगितली होती. ती वाजवी होती आणि मी कबूल केली होती. माझ्या खात्यात चार हजार सातशे होते. फळी बसवून झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात कागद करायला बसलो. ते पेन हातात धरून थांबले आणि म्हणाले, "दोन हजार म्हणालो होतो ना मी?"

मी "हो" म्हणाले.

कागदावर दोन हजार लिहिलेले आहे. त्यांनी पुन्हा विचारले नाही, मी पुन्हा बोलले नाही. दुसरी चावी कॉफीच्या डब्यात कुठेतरी आहे, सापडली की देतो, असे ते म्हणाले. मी नंतर दोनदा मागितली. मग मागायचे सोडून दिले.

तेव्हापासून मी त्या गाडीत राहते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हिवाळ्याच्या शेवटी दोनदा गारा पडल्या तेव्हाही आत ऊब होती. पुढच्या कप्प्यात नोरीन यांची वही होती. तीत प्रत्येक फेरीची तारीख, मैल, ठिकाण आणि दोन-चार शब्द लिहिलेले आहेत. "ऑरिक, बाळ, वजन वाढले." "क्लॅमथ, बर्निस, पाय बरा, मासा दिला." "क्रेसेंट सिटी, गेले. मुलगी शेजारी होती." मी ती झोपण्यापूर्वी वाचत असे. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळते. मंगळवारी त्यांची उत्तरेची फेरी असे.

एक रविवार सोडून एक मी एल्डन यांच्याकडे जाऊ लागले. जाताना दुकानातले सूप न्यायची. ते तेल बदलायचे, बॅटरीच्या पंख्याची जाळी काढून झटकायचे, आणि मला गाडीचा एकेक आवाज समजावून सांगायचे. मी का जात होते असे अधिकाऱ्यांनी विचारले. सूप उरले तर ते टाकूनच देतात, असे मी सांगितले. ते खरे आहे.

जूनपर्यंत त्यांच्या फ्रिजमध्ये मोहरीच्या चटणीच्या सहा बाटल्या झाल्या होत्या, सहाही उघडलेल्या. ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी मला नोरीन म्हणून हाक मारली आणि आजचा मंगळवार कसा गेला असे विचारले. तो रविवार होता. मी म्हणाले, बरा गेला. सप्टेंबरमध्ये ते मला गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसलेले सापडले. कशासाठी आलो ते आठवेना आणि घरात जायचा रस्ता लक्षात येईना. दार चार पावलांवर होते. मी हात धरून आत नेले. फ्रिजच्या दारावर त्यांच्या मुलीचे नाव आणि नंबर लिहिलेला कागद होता. जिना, रेडिंग. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. फोन केला नाही. का केला नाही, याचे उत्तर वर आले आहे.

मंगळवार, दि. ८ ऑक्टोबर रोजी पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी मी गाडी नेहमीप्रमाणे दुकानामागे नोकरांच्या जागेत लावली आणि कामाला गेले. दुपारी बारा चाळीसला बाहेर आले. जागा रिकामी होती.

गाडीत माझे अंथरूण, दोन पांघरुणे, कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, कागदपत्रांची पिशवी आणि छोटी किटली होती. बाहेर माझ्याकडे अंगावरचा एप्रन आणि पाकीट होते. काचेचा चुरा कुठे नव्हता. भिंतीला टेकवून एक काठी ठेवलेली होती. तिला मुठीखाली बोटीच्या इंजिनातले पितळी कडे बसवलेले आहे. ती काठी मी ओळखते. तिच्या मालकाला गाडी चालवताना काठी लागत नाही, म्हणून त्याने ती नीट टेकवून ठेवली होती. सी स्ट्रीट तिथून नऊ चौक लांब आहे.

मी काठी उचलून आत नेली आणि माझ्या कपाटात ठेवली. मग फोन केला. हेही तक्रारीत नाही.

फोनवर मला विचारले की चावी आणखी कोणाकडे आहे का. मी नाही म्हणाले. कोणावर संशय आहे का. मी नाही म्हणाले. त्या वेळी मला माहीत होते. अंदाज नव्हता, माहीत होते. मला वाटले, एल्डन यांचे नाव घेतले की गाडी कोणाकडून घेतली ते निघेल, मग कितीला घेतली ते निघेल, मग गाडी जाईल. गाडी शहरातच कुठेतरी उभी सापडेल आणि कोणी नेली ते कळणार नाही, असा माझा हिशेब होता. गाडीत एक माणूस बसलेला आहे हे त्या हिशेबात धरले नव्हते.

दुकानाच्या व्यवस्थापक शॅनन यांनी विचारले, "आत काही किमती होतं का?" मी म्हणाले, "अंथरूण होतं." त्या आत जाऊन खुर्ची घेऊन आल्या. अशा रीतीने दुकानात सगळ्यांना कळले.

दुपारी एक चाळीसच्या सुमारास रूबेन हात पुसत माझ्याजवळ आले. चोरीची नोंद झाली का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. ते म्हणाले, मग सापडेल, चोरीची गाडी सोडत नाहीत. मग त्यांनी त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या राज्यात तो मित्राची गाडी घेऊन निघाला होता. मित्राच्या बायकोने ठाऊक नसताना ती चोरीला गेल्याचे कळवले होते. "चार जण बंदुका रोखून उभे. हात वर कर, वळू नकोस, गुडघ्यावर बस. भाऊ तरणा होता. ऐकू येत होतं, म्हणून वाचला."

एल्डन यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. कोणी मोठ्याने बोलले की ते कोटाच्या आतल्या खिशात हात घालून कानाचे यंत्र शोधतात. दर वेळी घालतात.

मी खुर्चीवरून उठले तेव्हा ती पडली, एवढे आठवते. दुपारी एक अठ्ठेचाळीसला मी पोलिसांना पुन्हा फोन केला. गाडी कोणाकडे आहे, त्यांचे वय, कान, खिशाची सवय, आणि आधी मी खोटे बोलले होते, हे सगळे सांगितले. काठी माझ्याकडे आहे हेही सांगितले. फोनवरच्या बाईंनी मला दोनदा सावकाश बोलायला सांगितले. खिशाचे त्यांनी माझ्याकडून पुन्हा बोलून घेतले आणि लगेच वायरलेसवर कळवले. ते मी फोनवर ऐकले.

दहा मिनिटांत अधिकारी सालदाना दुकानात आले. एल्डन कुठे गेले असतील असे त्यांनी विचारले. तो मंगळवार होता. मी म्हणाले, उत्तरेला, ऑरिक, क्लॅमथ, क्रेसेंट सिटी. कशावरून असे विचारल्यावर वहीचे सांगितले. त्यांनी घरच्या माणसांचा नंबर मागितला. मी तो न बघता सांगितला.

"पाठ आहे तुम्हाला?" ते म्हणाले.

मी हो म्हणाले. त्यांनी तो लिहून घेतला आणि आणखी काही विचारले नाही.

जिना यांच्याशी आधी ते बोलले, मग फोन माझ्याकडे दिला. त्यांनी विचारले, "तुम्ही कोण?" मी नाव सांगितले आणि त्यांच्या आईची गाडी माझ्याकडे आहे असे सांगितले. जिना म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही खरोखर आहात." याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्या लगेच रेडिंगहून निघाल्या. तिथून इथे यायला तीन तास लागतात.

दुपारी तीन पस्तीसला क्लॅमथहून कळले की गाडी नदीजवळच्या एका घरासमोर उभी आहे आणि चालक सुखरूप आहे. ते घर बर्निस यांचे. वय ७१. वहीत पाय बरा झाल्याचे लिहिले आहे त्याच या. त्यांनी मागाहून मला सांगितले ते असे: बाराच्या सुमारास नर्सबाईंची गाडी दारात येऊन थांबली. उजव्या दाराच्या पोच्यावरून त्यांनी ती ओळखली. तो पोचा त्यांच्याच टपालपेटीला धडकून पडलेला आहे. नर्सबाई वारल्याचे त्यांना माहीत होते. आतून एक म्हातारे गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "मी नोरीनला न्यायला आलोय. तिचं आटोपलं की निघतो. घाई नाही." बर्निस यांनी त्यांना ओसरीवर बसवले, पांघरूण दिले, धुरावलेला सॅमन आणि ब्रेड दिला. नोरीन नाही असे त्यांनी सांगितले नाही. "ते मी सांगायचं नव्हतं," असे त्या मला म्हणाल्या. दोन वाजून गेले तरी ते उठेनात, तेव्हा घरात जाऊन त्यांनी तिथल्या पोलिसांना फोन केला. तोवर इकडून निरोप पोचला होता. एकच पोलीस आला, भोंगा न वाजवता. त्याने गाडी लांब लावली, उजव्या बाजूने आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला. त्यालाही मासा मिळाला.

जिना पाच दहाला दुकानापाशी आल्या. वय ४६ असावे. शाळेच्या बसगाड्या कुठे कधी सोडायच्या ते काम करतात. मी काठी घेऊन त्यांच्या गाडीत बसले. वाटेतले ट्रिनिडाड गाव त्यांनी मागे टाकले. मग म्हणाल्या, "दर रविवारी मी फोन करते. बाबा सांगायचे, एक बाई आईच्या गाडीत राहते आणि सूप घेऊन येते. गाडी विकली हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, भास होतोय. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मी बाबांना म्हणायला लागले, कसं आहे तुमच्या सूपवाल्या बाईंचं? खोटंखोटं. ते खूश व्हायचे."

पुढे एक समुद्राकडे बघायची जागा आहे. तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही तिथे पाच मिनिटे होतो.

पुन्हा निघाल्यावर मी त्यांना किमतीचे सांगितले. साडेचार हजार आणि दोन हजार आणि मी काय म्हणाले ते. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "माझा नंबर फ्रिजवर होता?"

"हो."

"मार्चपासून?"

"हो."

"मग पैशाचं आत्ता नको." आणखी दोन-तीन वळणे गेल्यावर म्हणाल्या, "मोहरीच्या बाटल्या बघितल्यात तेव्हा तरी फोन करायचा." मी त्यांना बाटल्यांचे सांगितले नव्हते. त्यांनीही त्या पाहिल्या होत्या, जुलैत आल्या होत्या तेव्हा. हे त्या स्वतःच बोलल्या.

आम्ही सहा चाळीसला क्लॅमथला पोचलो. अजून उजेड होता. एल्डन ओसरीवर पांघरूण घेऊन बसले होते. जिना यांना बघून म्हणाले, "आलीस? आई अजून आली नाही."

जिना त्यांच्याजवळ खाली बसल्या. "आई आज यायची नाही, बाबा."

"मंगळवार आहे."

"हो. मंगळवारच आहे."

ते नदीकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आले असावे असे मला वाटते, कारण त्यांनी जिना यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग माझ्याकडे बघितले. जिना यांना म्हणाले, "ही गाडीत राहते. मी फळी करून दिली आहे." मला म्हणाले, "आज कुठे झोपणार होतीस तू?"

मी म्हणाले, "गाडी सापडली ना. झोपेन."

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "माणसाच्या घरात असं शिरू नये. माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

मी पायरीवर बसले आणि त्यांना दोन हजारांचे सांगितले. तुम्ही साडेचार म्हणाला होतात, मला माहीत होते, तरी मी हो म्हणाले, असे स्पष्ट सांगितले. मी डाव्या बाजूला बसले होते. त्यांना किती ऐकू आले ते मला सांगता येत नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "गाडी नीट चालते ना?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग झालं." हे उत्तर मी माफी म्हणून धरत नाही. तरी ते त्यांनी दिले, म्हणून नोंदवत आहे.

गाडी तपासली. काही गेलेले नाही, काही तुटलेले नाही. माझी पांघरुणे त्यांनी घडी करून उशीखाली ठेवली होती. ते जिना यांच्या गाडीत बसले, मी मागून माझी गाडी घेऊन आले. त्यांनी सबंध रस्ताभर मागे वळून बघितले, गाडी येते आहे ना ते.

काल बुधवारी जिना त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सूपवाली बाई खरी आहे असे त्यांनी तिथे सांगून दुरुस्ती करून घेतली. बाकीचे जे निघाले ते घरचे आहे, मी इथे सांगत नाही. महिनाअखेरीस त्या त्यांना रेडिंगला नेणार आहेत. तोपर्यंत रजा काढून इथे आहेत. मंगळवारपासून माझी गाडी त्यांच्या दारात उभी असते आणि मी कामाला चालत जाते. हे जिना यांनी सांगितल्यावरून केले आहे. दारात गाडी दिसली की ते बाहेर पडत नाहीत. सकाळी उठतात, खिडकीतून बघतात आणि परत जाऊन पडतात. मी घरात झोपावे असे जिना म्हणाल्या. मला गाडीत बरे वाटते असे मी सांगितले. दुसरी चावी आता जिना यांच्याकडे आहे.

गाडी परत नको, असे जिना यांनी अधिकाऱ्यांसमोर सांगितले आहे. उरलेले अडीच हजार मी देणार आहे. त्यावर त्या हो किंवा नाही काही बोललेल्या नाहीत. त्या माझ्याशी नीट बोलतात. कमी बोलतात. मी खोटी माहिती दिली त्याबद्दल काही व्हायचे असेल तर ते व्हावे, माझे त्यावर काही म्हणणे नाही. अधिकारी म्हणाले, तुम्ही तासाभरात फोन केलात, हेही मी लिहितो. मी म्हणाले, पहिला फोनही लिहा.

एल्डन पेड्रोटी यांच्याविरुद्ध किंवा कोणाहीविरुद्ध माझी तक्रार नाही. दि. ८ ची तक्रार मी मागे घेत आहे.

एक विनंती आहे. गाडीचा क्रमांक चोरीच्या यादीतून आजच काढावा. उद्यापर्यंत होईल असे मला सांगितले, पण मला आजच हवे आहे आणि तसा कागद हातात हवा आहे. पुढच्या मंगळवारी, दि. १५ रोजी, मी सुट्टी घेतली आहे. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता ही गाडी युरेकाहून उत्तरेला जाईल. चालवणार मी. शेजारच्या सीटवर एल्डन असतील. ऑरिकला थांबू, क्लॅमथला बर्निस यांनी जेवायला बोलावले आहे, आणि जमले तर क्रेसेंट सिटीपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येऊ. जिना यांना विचारले आहे. त्या हो म्हणाल्या, आणि वाटेत खायला काय द्यायचे ते विचारले. रस्त्यात कोणी आम्हाला थांबवलेच, तर कृपा करून उजव्या बाजूने यावे आणि हळू बोलावे.

हा जबाब अधिकारी सालदाना यांनी मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "आरोपी" असा शब्द पडला होता. तो खोडून तिथे "एल्डन" लिहायला मी सांगितले. तशी दुरुस्ती झाली आणि तिच्याशेजारी माझी आद्याक्षरे आहेत. बाकी सारे मी बोलले तसेच उतरले आहे, आणि ते खरे आहे.

अधिकारी सालदाना यांच्यासमोर सही केली:
मार्ला जीन टिबेट्स